गाजरगवताचा माग : गोंदिया ते बिरसा

एखाद्या वनस्पतीचे मूळ आढळक्षेत्र म्हणजे माणसाच्या मदतीशिवाय ती जेथे पिढ्यान्‌पिढ्या उगवत आली तो प्रदेश, आणि विस्तारित क्षेत्र म्हणजे पुढे माणसाच्या सामानसुमानाबरोबर ती जेथे जाऊन स्थिरावली तो प्रदेश, अशी वनस्पतिभूगोलाची साधी विभागणी आहे. पहिल्याची सीमा पाऊस, थंडी, माती, शेजारच्या वनस्पती आणि पाने खाणारे कीटक मिळून ठरवितात. दुसऱ्याची सीमा कोण ठरवितो, हे समजून घेण्यासाठी गोंदियाहून बालाघाट आणि बैहरमार्गे बिरशापर्यंत जाणारा रस्ता फार उपयोगी पडतो. कारण धानाची सखल शेती, मँगनीजच्या खाणी, घाट, उंच पठार, तांब्याची उघडी खाण आणि सालवन एवढे सगळे भूप्रकार येथे एका दिवसाच्या प्रवासात ओळीने भेटतात, आणि त्या प्रत्येक ठिकाणी उत्तर अमेरिकेतून आलेले एकच पांढरे रानफूल निरनिराळ्या प्रमाणात दिसत राहते.

हे फूल गाजरगवताचे, म्हणजे पार्थेनियम हिस्टेरोफोरस या वनस्पतीचे. काँग्रेस गवत या नावानेही ती ओळखली जाते. बाघ नदी ओलांडून मध्य प्रदेशात शिरल्यावर लोक तिला गाजर घास म्हणतात. नाव गवताचे असले तरी कूळ सूर्यफुलाचे आहे. मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा प्रदेश, म्हणजे मेक्सिकोचा पूर्वेकडील भाग, टेक्सासचा दक्षिण भाग आणि कॅरिबियन बेटे, हे तिचे मूळ घर मानले जाते, आणि लिनियसने १७५३ मध्ये तिचे शास्त्रीय नामकरण केले तेव्हा युरोपच्या दृष्टीने ती वेस्ट इंडीजमधील एक सामान्य रानवनस्पती होती. मूळ घरातही ती निबिड अरण्याची रहिवासी नाही. पूर ओसरलेले नदीकाठ, गुरे चरून उघडी पडलेली माळराने आणि वस्तीच्या कडा याच तिथेही तिच्या आवडत्या जागा आहेत. तिचे एक भावंड ग्वायुले हे चिवावाच्या वाळवंटातील झुडूप असून त्याच्या चिकापासून रबर मिळते, आणि दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील रबराचा पुरवठा तुटल्यावर अमेरिकेने त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड केली होती. ग्वायुलेला इतके अगत्याने वाढवूनही ते जगभर पसरले नाही. त्याच्या या अनाहूत भावंडाने मात्र चाळीसहून अधिक देशांत बस्तान बसविले.

हा प्रवास श्रावण-भाद्रपदात करावा. गाजरगवत बाराही महिने उगवू शकते, दिवसाची लांबी किंवा ऋतू यांच्यावर त्याचे फुलणे फारसे अवलंबून नाही, तरी पावसाच्या उत्तरार्धात त्याची वाढ आणि फुलोरा दोन्ही सर्वांत ठळक असतात. बी रुजल्यावर आरंभी दातेरी, चिरलेली, गाजराच्या पाल्यासारखी पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात आणि त्या चक्राखाली दुसरे काही उगवू देत नाहीत; मग मधून खोड उठते, कंबरेएवढे आणि चांगल्या ओलीत डोक्याएवढेही होते, आणि रुजल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात शेंड्यांवर बारीक पांढरी फुले येतात. दिसते ते फूल वस्तुतः एक नसून पुष्कळ सूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो, ज्याला वनस्पतिशास्त्रात स्तबक म्हणतात. त्याच्या कडेला पाच किरणपुष्पके असतात आणि फळ धरते ते या पाचांनाच. मधली बिंबपुष्पके केवळ पराग देतात. म्हणजे एका स्तबकातून पाचच बिया मिळतात, परंतु एका जोमदार झाडावर स्तबकेच इतकी असतात की बियांची संख्या १५,००० ते २५,००० पर्यंत जाते. प्रत्येक बी जेमतेम दोन मिलिमीटरांची, आणि तिला दोन्ही अंगांनी वाळलेल्या वंध्य पुष्पकांची हलकी जोड चिकटलेली असल्याने ती वाऱ्यावर थोडी सरकते, पाण्यावर तरंगते आणि चिखलाबरोबर टायरला, खुराला, पोत्याच्या शिवणीला सहज लागते. वाऱ्याने ती फार लांब जात नाही. लांबचा पल्ला तिला नेहमीच दुसऱ्या कोणाच्या तरी वाहनाने गाठावा लागला आहे.

गोंदिया हे रेल्वेचे मोठे जंक्शन, आणि गाजरगवताच्या भारतातील कथेचा आरंभही रेल्वेच्या धान्यवाहतुकीशी जोडला जातो. १९५१ च्या सुमारास पुण्यात प्रा. परांजपे यांच्या दृष्टीस ही वनस्पती पडली आणि १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची भारतासाठी नवी नोंद म्हणून माहिती दिली. त्यानंतर महाराष्ट्रात लोकमान्य झालेले स्पष्टीकरण असे की, अमेरिकेच्या ‘पीएल ४८०’ या कायद्याखाली जो गहू भारतात आला त्यात तिचे बी होते. हे स्पष्टीकरण जसेच्या तसे टिकत नाही. तो कायदा १९५४ चा, आणि त्याखालील भारताशी झालेला पहिला करार ऑगस्ट १९५६ चा; मग १९५१ मध्ये पुण्यात दिसलेले झाड त्या गव्हातून कसे आले असेल? अर्थात अमेरिकन धान्य त्याआधी येतच नव्हते असे नाही. जून १९५१ मध्ये अमेरिकेने भारताला अन्नटंचाईसाठी विशेष कर्ज मंजूर केले होते आणि त्यातून गहू बंदरांवर उतरला होता, तेव्हा धान्याच्या पोत्याकडे बोट दाखविणाऱ्यांची दिशा चुकली नसून कलम चुकले असावे. दुसरी अडचण अधिक जुनी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाची १८१४ मध्ये प्रसिद्ध झालेली जी यादी आहे तीत या वनस्पतीचे नाव आढळते, म्हणजे ती निदान एकदा, बहुधा उद्यानातील पाहुणी म्हणून, सव्वा शतकाहून अधिक काळ अगोदर येऊन गेली होती आणि तरीही देशभर पसरली नव्हती.

या दोन नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजे विस्ताराचा खरा प्रश्न उघड होतो. येणे आणि पसरणे या निराळ्या घटना आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बी होते, पण त्याला नेणारी मालगाडी नव्हती, दर वर्षी उकरली जाणारी रस्त्याची कड नव्हती, शहराबाहेर वर्षानुवर्षे मोकळे पडलेले भूखंड नव्हते. १९५० नंतर ही सगळी सोय एकदम झाली आणि दोन-तीन दशकांत गाजरगवत पुण्याच्या ओसाड जागांतून निघून देशाच्या बहुतेक राज्यांत पोहोचले. ऑस्ट्रेलियातही असेच घडले. क्वीन्सलँडमध्ये १९६० च्या सुमारास टेक्सासहून आणलेल्या गवताच्या बियाण्यातून ते शिरले आणि तेथील कुरणांत माजले. इथिओपियात त्याचा संबंध मदतीच्या धान्याशी लावला जातो.

भारतातील गाजरगवत उत्तर अमेरिकेकडचेच, हे ठरविता येते ते रसायनामुळे. या वनस्पतीचे दुसरे मूळ क्षेत्र दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिना आणि बोलिव्हियाच्या बाजूस आहे; तिथल्या झाडांत मुख्यतः हायमेनिन नावाचे द्रव्य सापडते, तर मेक्सिको-टेक्सासकडील झाडांत पार्थेनिन. दोन्ही सेस्क्विटर्पीन लॅक्टोन या कडू आणि दाहक संयुगांच्या वर्गातली, पण वेगळी ओळखू येणारी. भारतातील झाडांत पार्थेनिन आढळते. त्याच पार्थेनिनमुळे पानांची चव जनावरांना नकोशी होते, शेजारच्या रोपांची वाढ खुंटते आणि माणसाच्या कातडीला खाज सुटते, हा पुढचा भाग.

गोंदियाहून निघालेला रस्ता बाघ नदी ओलांडून मध्य प्रदेशात शिरतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूरला जोडलेल्या मराठी जिल्ह्यांतून बालाघाट वेगळा राहिला, आणि पोवारी बोलणारी, लग्नाकार्याला एकमेकांकडे जाणारी गावे दोन राज्यांत विभागली गेली. वनस्पतींच्या नकाशात मात्र या नदीला सीमा म्हणून काही अर्थ नाही. नदीच्या दोन्ही तीरांना धानाच्या बांध्या आहेत, आणि येथे गाजरगवताची पहिली मर्यादा नीट पाहता येते. साचलेल्या पाण्यात ते तग धरत नाही. त्यामुळे रोवणी झालेल्या बांधीत त्याचे एकही रोप नसते आणि तिला वेढणाऱ्या धुऱ्यावर मात्र त्याची सलग पांढरी किनार असते. हा धुरा म्हणजे दर साली फावड्याने माती ओढून नीट केलेला, कोणत्याच पिकाच्या नावावर नसलेला हातभर रुंदीचा पट्टा. धान कापल्यावर जी बांधी कोरडी पडून राहते तिच्यात ते धुऱ्यावरून उतरते, आणि उन्हाळवाहीत उशीर झाला तर बी धरून मोकळे होते.

बालाघाटच्या पलीकडे भरवेलीची मँगनीज खाण लागते आणि पुढे घाट चढून उकवा. येथील मँगनीज विसाव्या शतकाच्या आरंभापासून काढले जात आहे, आणि ही खाण चालविणाऱ्या ‘मॉइल’ या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. घाटात रस्ता कोरलेल्या बाजूस, जेथे दरड उघडी असते आणि नाल्यांचे पाणी माती उतरवीत असते, तेथे गाजरगवत भरपूर, आणि दहा पावले आत, बांबू व सागाच्या सावलीत, नाहीसे. उतारावरून पाहिले तर ते रस्त्याच्या दोन समांतर पट्ट्यांत बसविल्यासारखे दिसते. हवामान दोन्हीकडे एकच, पाऊस एकच, मातीही बहुतेक एकच; फरक फक्त उजेडाचा आणि खणाखणीचा.

घाट संपला की बैहरचे पठार. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे भाग काढून बालाघाट जिल्हा तयार करण्यात आला तेव्हा हे पठार गोंड आणि बैगा यांच्या विरळ वस्तीचे होते, आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार शेतकऱ्यांना येथे आणून वसविण्याचे धोरण इंग्रज अधिकाऱ्यांनी चालविले होते. पठारावरील पाऊस चांगला, थंडी खालच्या भागापेक्षा बरीच कडक, आणि जंगलातल्या उघड्या मैदानांवर पौष-माघात दहिवर गोठण्याइतके तापमान उतरते. अशा थंडीत गाजरगवताची वाढ थबकते. ते मरते मात्र थोडेच, आणि जमिनीतील बिया तर वर्षानुवर्षे रुजण्याची क्षमता राखून असतात. म्हणून थंडी ही येथे सीमा न ठरता केवळ विश्रांती ठरते.

बिरसा हे याच पठारावरचे तहसिलीचे गाव. तहसील कचेरी, शाळा, दवाखाना, बसचा थांबा, बाजाराचे मैदान आणि त्यांच्या मधल्या रिकाम्या जागा अशी त्याची रचना मध्य भारतातील कोणत्याही लहान तहसिलीसारखीच आहे, आणि गाजरगवताच्या दृष्टीने तीच सर्वांत सोयीची. आठवडी बाजाराला खालून धान्य, कांदे, बियाणे, खत आणि सिमेंट घेऊन वाहने येतात, वरून मोहाची फुले, चिरोंजी, डिंक आणि लाख खाली जाते. बाजाराचे मैदान आठवड्यातून एक दिवस तुडविले जाते आणि सहा दिवस मोकळे असते. तुडवलेली आणि मग सोडून दिलेली जमीन एवढीच या फुलाची मागणी आहे. सरकारी इमारतींच्या आवारात ते जितके निर्धास्त वाढते तितके शेतकऱ्याच्या परसात वाढत नाही, कारण परसात वांगी-मिरचीसाठी रोज कोणाचा तरी हात फिरतो. ती मिरची, तो टोमॅटो, परसातला मका आणि कुंपणाजवळचे सीताफळ हीदेखील अमेरिकेचीच लेकरे आहेत, परंतु त्यांना कोणी परके म्हणत नाही. परकेपणाचा शिक्का वनस्पतीच्या जन्मभूमीवरून नव्हे, तर उपद्रवावरून बसतो, आणि यात गैर काही नाही.

उपद्रव खराच आहे. वर उल्लेखिलेल्या पार्थेनिनमुळे काही माणसांना संपर्कजन्य त्वचादाह होतो, म्हणजे झाडाचा अंश कातडीला लागल्यावर शरीराची प्रतिकारव्यवस्था त्याला शत्रू मानू लागते आणि पुढे प्रत्येक स्पर्शाला खाज, लाली आणि फोड यांनी उत्तर देते. वाळलेल्या झाडाचे सूक्ष्म केस आणि पराग हवेतून उडत असल्याने पापण्या, मान, कोपराची आतली बाजू अशा जागी हा दाह उमटतो. पुण्यातील असे रुग्ण १९७० च्या दशकातच वैद्यकीय नियतकालिकांत नोंदविले गेले. निंदणीला जाणाऱ्या बायका ते उघड्या हातांनी उपटतात, त्यामुळे त्रासाचा मोठा वाटा त्यांच्या पदरी येतो. गुरे ते सहसा खात नाहीत आणि चाऱ्याच्या टंचाईत खाल्ले तर दुधाला कडवटपणा येतो. चरण्याचा आणखी एक परिणाम असा की गुरे भोवतालचे गवत खाऊन टाकतात आणि नावडते गाजरगवत तेवढे ठेवतात, म्हणजे गावाचे कुरण नकळत त्याच्यासाठी साफ होत जाते.

बिरशाजवळच मलाजखंड. भारतातील तांब्याच्या साठ्यांपैकी सर्वांत मोठा साठा येथे असून ‘हिंदुस्तान कॉपर’ची उघडी खाण १९८२ मध्ये सुरू झाली, आणि खनिजापासून केलेला सांद्रभाग, म्हणजे दळून व तरंगवून वेगळी केलेली तांबेयुक्त पूड, येथून ट्रकांनी रेल्वेपर्यंत आणि पुढे राजस्थानातील खेत्रीच्या भट्टीकडे जात असे. एखाद्या डोंगराळ, आडबाजूच्या पठाराला ट्रकांच्या अशा नियमित वाहतुकीने देशाच्या दुसऱ्या टोकाशी जोडले म्हणजे जे घडते त्याचा विचार खाणीच्या पर्यावरणीय चर्चेत क्वचितच होतो. धूळ, पाणी आणि विस्थापन यांच्याविषयी बोलले जाते, आणि ते योग्यच आहे, परंतु चाकांबरोबर येणाऱ्या बियांचा हिशेब कोणी मागत नाही. खाणीच्या टाकाऊ दगडाच्या ढिगांवर प्रत्यक्षात गाजरगवत कमीच तगते, कारण तेथे माती नसते. ते असते ढिगांच्या पायथ्याशी, वसाहतीच्या रस्त्यांच्या कडेला आणि मुरूम काढून सोडलेल्या खड्ड्यांत. मुरमाच्या खड्ड्यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण तेथील मुरूम बियांसकट उचलून नव्या रस्त्यावर अंथरला जातो, आणि मग ज्या खेड्यात पूर्वी एकही झाड नव्हते तेथे पक्का रस्ता पोहोचल्याच्या पुढच्या पावसाळ्यात दोन्ही कडांना पांढरी फुले दिसू लागतात.

बिरशाच्या आसमंतातून उत्तरेकडे सरकले की सालाचे जंगल घट्ट होत जाते आणि ते पुढे कान्हा व्याघ्रप्रकल्पाला जाऊन मिळते, ज्याचे मुक्कीचे प्रवेशद्वार बालाघाट जिल्ह्यातच आहे. सालवनात गाजरगवत नाही. सालाचे छत्र जेथे सलग आहे तेथे जमिनीपर्यंत येणारा उजेड त्याला पुरत नाही, शिवाय पालापाचोळ्याचा थर बारीक बीला मातीपर्यंत पोहोचू देत नाही. येथे दुसऱ्याच एका अमेरिकन पाहुणीचा, घाणेरीचा, म्हणजे लँटानाचा अंमल सुरू होतो, जी अर्धसावलीतही वाढते, पक्ष्यांना फळे चारते आणि म्हणून वाहनांवर अवलंबून नसते. लँटाना एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शोभेचे झुडूप म्हणून कोलकात्याला आणले गेले. एकाच खंडाकडून आलेल्या दोन वनस्पतींनी या पठाराची वाटणी करून घेतली आहे: गाजरगवताला रस्ता, लँटानाला जंगलाची कड.

एक आक्षेप येथे विचारात घ्यावा लागतो. जमीन उघडी पडणे हेच विस्ताराचे कारण असेल, तर बैगांच्या बेवर शेतीत, म्हणजे जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, राखेत कोदो-कुटकीचे बी फेकण्याच्या जुन्या पद्धतीत, शेकडो वर्षे जमीन उघडी पडतच होती. मग त्या काळी उपरी तणे येथे का माजली नाहीत? उत्तर असे की बेवराचा तुकडा चहूबाजूंनी जंगलाने वेढलेला असे, काही वर्षांनी तो पुन्हा जंगलाला परत दिला जाई, आणि मुख्य म्हणजे तेथवर बाहेरचे बी नेणारे काही नव्हते. रस्ता उलट आहे. तो कधी मिटत नाही, आणि त्याचे एक टोक कायम बंदराला जोडलेले असते. १९९० च्या दशकात सालाचे खोड पोखरणाऱ्या भुंग्याच्या साथीत मंडला-बालाघाट भागातील असंख्य साल तोडावे लागले, तेव्हाही उजेड आत शिरला, पण जेथे गाड्या गेल्या नाहीत तेथे गाजरगवताला त्या उजेडाचा लाभ घेता आला नाही.

नियंत्रणाच्या बाबतीत बालाघाटचा हा भाग एका अर्थाने सुदैवी आहे, कारण तणांवर संशोधन करणारी देशातील प्रमुख संस्था जबलपूरला, म्हणजे शेजारीच, १९८९ पासून आहे, आणि दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट या आठवड्यात तिच्या प्रेरणेने गाजरगवत-जागृतीचा कार्यक्रम देशभर होतो. संस्थेकडून वाटला जातो तो मेक्सिकन भुंगा, झायगोग्रामा बायकोलोराटा, १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळूरूला आणला गेला आणि चाचण्यांनंतर पुढच्याच वर्षी मोकळा सोडण्यात आला. पिवळट पाठीवर काळ्या रेघा असलेला हा लहानसा कीटक आणि त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने फस्त करतात. अशा प्रकारे एका सजीवाकडून दुसऱ्याचा बंदोबस्त करून घेण्याला जैविक नियंत्रण म्हणतात. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसल्याने बरीच खळबळ उडाली आणि चौकशी समितीही नेमली गेली, परंतु सूर्यफुलाचे पीक त्याने बुडविले नाही. त्याची खरी मर्यादा ऋतूची आहे. पावसाळ्यात तो जोरात असतो आणि पाऊस सरल्यावर मातीत शिरून निद्रिस्त होतो, तर गाजरगवत कोरड्या महिन्यांतही एखाद्या नळाच्या ओलीवर फुलते.

दुसरा उपाय पठारावरचाच आहे. तरोटा, ज्याला या भागात चरोटा म्हणतात, पहिल्या पावसाबरोबर इतक्या दाटीने उगवतो की त्याच्या गर्दीत गाजरगवताला जागा मिळत नाही. कोवळ्या पाल्याची भाजी गोंड-बैगांच्या घरी होते, आणि बिया गोळा करून व्यापाऱ्याला विकल्या जातात. मार्गशीर्षात झोडपलेले चरोट्याचे थोडे बी पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस रस्त्याच्या कडेला आणि कचेरीच्या आवारात फेकणे, एवढाच खर्च. अडचण एवढीच की चरोटा पसरू द्यायचा किंवा भुंगा वाढू द्यायचा, तर तो पट्टा ऐन पावसात काही आठवडे कापता येत नाही, आणि स्वातंत्र्यदिनाच्या आधी सगळी सरकारी आवारे विळ्याने साफ झालीच पाहिजेत असा शिरस्ता आहे. त्या साफसफाईत चरोटा, भुंग्यांच्या अळ्या आणि गाजरगवत तिन्ही एकत्र कापले जातात, आणि पंधरवड्यात बुंध्यापासून फुटून पुन्हा फुलावर येते ते त्यांपैकी गाजरगवतच.